रंग आहे तसाच राहील, पण गाडी घाट चढली पाहिजे : शिवडीच्या शेवरोले पिकअपचा धागा

शिवडीबंदर :

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं या गाडीबद्दल मी इतरांच्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने लिहीत आलो. बऱ्याच जणांनी स्वतंत्र धागा काढायला सांगितलं, म्हणून आज बसलो.

गाडी शेवरोले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप, उजव्या स्टेअरिंगची. नोंदणी पुस्तकात साल १९५१ आहे आणि अंगावरच्या खुणाही तेच सांगतात. दाराच्या काचेला पुढची तिरकी झडप आहे, ती १९५१ पासून आली. दाराची कडी खाली वळवायची आहे, बटणाची कडी १९५२ मध्ये आली. जाळीला पाच आडव्या पट्ट्या आहेत, त्या १९५३ पर्यंतच होत्या.

माझे आजोबा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते. १९२८ पासून तिथे पेट्यांतून आलेले भाग जोडून गाड्या बाहेर पडायच्या. पुढे नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना इथे जागा नाही असं सरकारी धोरण ठरलं आणि १९५४ मध्ये कारखाना बंद झाला. आजोबा मग कुर्ल्याला प्रीमियरमध्ये लागले, पण मरेपर्यंत "आमची शेवरोले" म्हणत राहिले. म्हणून ही गाडी मी घेतली. भंगारात कटिंगला निघाली होती, काट्यावर वजन होऊन भावही ठरला होता.

आजची स्थिती अशी. मूळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन फार पूर्वीच गेलंय. त्या जागी पर्किन्स डिझेल आहे आणि त्याची नोंद पुस्तकात रीतसर आहे. हौद्याच्या फळ्या कुजल्या आहेत, फाळका एका साखळीवर लटकतोय. केबिनचा वरचा पत्रा मात्र जाड आणि निरोगी. रंगाचे तीन थर दिसतात : सगळ्यात खाली गडद हिरवा, त्यावर राखाडी, आणि बॉनेटच्या कडांवर दोन्ही झिजून उघडं पडलेलं तपकिरी लोखंड. उजव्या दारावर हाताने रंगवलेली अक्षरं आहेत. पहिला शब्द गेलाय, "आणि मंडळी, भायखळा" एवढं वाचता येतं.

हा रंग मला तसाच ठेवायचा आहे. खालून मात्र गाडी आजच्या रस्त्याची हवी : पुढे डिस्क ब्रेक, नवं वायरिंग, सीटचे तीन टोकांचे पट्टे, आणि शेवटी अपघातात गेलेल्या इसुझु व्ही-क्रॉस पिकअपचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल. क्रम हाच. इंजिन शेवटी.

सूचना हव्या आहेत. चुका आत्ताच दाखवा, पत्रा कापल्यावर नको.

मूळरूप :

अभिनंदन आणि मनापासून एक विरोध. पंचाहत्तरी उलटलेल्या गाडीत आजचं इंजिन घालायला माझा हात धजणार नाही. ३१०० चं वैशिष्ट्य तिची चाल आहे. नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर, मागच्या एक्सलच्या गिअरचं प्रमाण ४.११, साठ-सत्तरच्या वर तिला जायचंच नसतं. तशीच चालवण्यात आनंद आहे.

दुसरं कायद्याचं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला "व्हीए" मालिकेचा विंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. तुम्ही ते दार स्वतःच्या हाताने बंद करताय. हॉर्निमन सर्कलहून विंटेज रॅली निघते तेव्हा तुमची गाडी तिथे असावी असं मला वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

शिवडीबंदर :

काका, तुमचा विरोध मला मान्य आहे, म्हणजे त्यामागची भावना. ही गाडी मूळ इंजिनासह मिळाली असती तर मी एक नटही बदलला नसता. पण ते इंजिन माझ्या जन्माआधी गेलं. पर्किन्सही तेवढंच परकं आहे, फक्त पाहुणा जुना झालाय. शिवाय व्हीए नंबरची गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची असते. मला हिच्यातून आईला कोकणात न्यायचंय.

कायद्याचं मी हलकं घेतलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल दोन्ही वाचलेत. नोंदणी पुस्तकात लिहिलंय त्याच्या विरुद्ध गाडी बदलता येत नाही, आणि इंजिन बदलायचं तर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची परवानगी लागते. म्हणून इंजिन स्टँडवर आहे आणि अर्ज ताडदेवच्या आरटीओत. परवानगी हातात येईपर्यंत पर्किन्स जागचं हलणार नाही. व्ही-क्रॉसचं मोडीत निघाल्याचं पत्र, इंजिन नंबर आणि विक्रीची पावती असे सगळे कागद माझ्याकडे आहेत. जो कोणी असं काम करणार असेल त्याला सांगतो, कागद नसलेलं इंजिन कोणी फुकट दिलं तरी घरी आणू नका.

पत्राकाम :

दादा, तीस वर्षं टिनकाम करतोय. फोटो बघून सांगतो.

वरचा पत्रा चांगला दिसतो म्हणून खूश होऊ नका. या केबिनचं पाणी खाली उतरतं आणि मागच्या दोन कोपऱ्यांत आणि पायरीच्या आत साठतं. तिथे पेचकसाच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर ठीक, भद आवाज आला तर आत चाळण झालीय. पूर्वी कोणी तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला असेल तर चुंबक लावून बघा, चिकटणार नाही.

सडलेला पत्रा कापूनच टाका, वर पट्टी मारू नका. दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्राही खातं. सीओटू वेल्डिंग करताना एकसलग ओढ मारू नका, टाके टाका आणि थंड होऊ द्या, नाहीतर पत्रा पापडासारखा वळतो. आतून इपॉक्सी प्रायमर, मग पोकळीत मेण.

आणि मागच्या एक्सलच्या गाद्या, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांवर बसणाऱ्या, आधी नुसत्या टाक्यावर धरा. इंजिन-गिअरबॉक्स जागेवर आल्यावर प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याच्या, जॉइंटचा कोन मोजा, दोन्ही टोकांचा सारखा आला की मगच पक्कं वेल्डिंग. कोन चुकला तर साठच्या वर गाडी थरथरणार आणि लोक टायरला शिव्या देणार.

कुर्ला_पूर्व :

मस्त काम. एक शंका : व्ही-क्रॉसच का? स्कॉर्पिओचं इंजिन कुर्ल्यात गल्लोगल्ली मिळतं, भागही स्वस्त.

शिवडीबंदर :

चाकाच्या भोकांमुळे. अर्ध्या टनाच्या शेवरोलेला सहा नट, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. व्ही-क्रॉसचं मापही नेमकं तेच, आणि तिचा मागचा एक्सल शेवरोलेसारखाच पाट्यांवर बसतो. पासष्ट-सत्तर वर्षांच्या अंतराच्या दोन गाड्यांची चाकं एकमेकींना लागतात हे पाहिलं आणि ठरवून टाकलं.

एक्सल बदलावाच लागतो, कारण या शेवरोलेचा प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत फिरतो. मागच्या चाकांचा पुढे ढकलण्याचा जोर त्या नळीतून गिअरबॉक्सकडे जातो, पाट्या फक्त वजन पेलतात. गिअरबॉक्स बदलला की नळी गेली, नळी गेली की एक्सल गेला. उघड्या शाफ्टवर तोच जोर पाट्यांवर येतो, म्हणून पाट्या आणि त्यांचे बुशही नवे हवेत. व्ही-क्रॉसच्या २.५ लिटरच्या इंजिनाचा टॉर्क ३२० न्यूटन मीटर आहे, जुन्या सहा सिलिंडरपेक्षा बराच जास्त. चासीच्या उघड्या बाजूला इंजिनाजवळ पट्ट्या मारून ती बंद करतोय.

वायरजोड :

नुसतं इंजिन आणून भागत नाही. हे कॉमन रेल, म्हणजे संगणकाने इंधन सोडणारं डिझेल आहे. ईसीयू म्हणजे तो संगणक, किल्ली, किल्ली ओळखणारा भाग, ॲक्सिलरेटरचं पेडल आणि पूर्ण वायरिंग एकाच गाडीचं हवं. यातलं एक जरी दुसऱ्या गाडीचं आलं तर सेल्फ फिरेल पण इंजिन उठणार नाही. ईसीयू केबिनमध्ये, सीटच्या पातळीवर बसवा. हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा खाली बसवलेले ईसीयू मी हाताने वाळवलेत. जुन्या कापडी वायरी सगळ्या काढा, हेडलाइटला रिले द्या. लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून वायर घेताना तांबं बघून घ्या, नुसता जाडपणा बघू नका.

घाटउतार :

ब्रेक आधी हा क्रम वाचून बरं वाटलं. जुन्या हायवेने खोपोलीचा घाट मी जुन्या गाड्यांनी अनेकदा उतरलोय. चारी ड्रमचे ब्रेक तापले की पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. तो अनुभव एकदा घेतला की माणूस इंजिनाचं बोलणं बंद करतो.

तपशील लिहा ना. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ब्रेकचं तेल ढकलणारा, फळीखालीच ठेवणार का? पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम कुठून? आणि पुढचे गोळ्यांचे बेअरिंग?

शिवडीबंदर :

लिहितो, कारण यातच माझे चार महिने गेले.

मूळ मास्टर सिलिंडर एकच खणाचा, पायाखाली चासीवर. एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले. आता दोन खणांचा बसवलाय, पुढचं आणि मागचं वेगळं. जागा तीच ठेवली, पायाखालची, कारण केबिनच्या भिंतीला भोकं पाडायची नव्हती. तिथे मी अडकलो. डिस्कला पकडणारे कॅलिपर मास्टर सिलिंडरपेक्षा उंच येतात, त्यामुळे गाडी उभी असताना तेल हळूहळू मागे उतरतं. रोज सकाळी पहिलं पेडल तळाला जायचं. दोनदा हवा काढली, सील बदलले, तरी तेच. शेवटी कारण कळलं : अशा रचनेत नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप लागते. डिस्कच्या बाजूला २ पीएसआयची, ड्रमच्या बाजूला १० पीएसआयची. दोन्ही बसवल्या आणि दुसऱ्या सकाळी पेडल जागच्या जागी होतं.

डिझेलला पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम मिळत नाही, त्यासाठी पंप लागतो. सध्या विजेवरचा लावलाय.

पुढचा बीम एक्सल मूळचा आहे, किंगपिन नवे. गोळ्यांच्या बेअरिंगच्या जागी टेपर रोलर घातले, नागदेवीच्या बाजारात मापाने मिळाले. डिस्क व्ही-क्रॉसच्या, शेवरोलेच्या हबवर बसतील अशा लेथवर फिरवून घेतल्या. कॅलिपरचे ब्रॅकेट ईएन-८ पोलादाच्या जाड प्लेटमधून कापले, वेल्डिंग एकही नाही, सगळे बोल्टवर. ब्रेकचा सगळा पीळ त्या ब्रॅकेटवर येतो, तिथे मी वेल्डिंगवर भरवसा ठेवणार नाही.

आणखी एक. १९४९ नंतरच्या या केबिनमध्ये इंधनाची टाकी सीटच्या मागे, माणसाच्या पाठीला लागून असते. ती काढली. नवी टाकी हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मधे. सीटच्या मागे मोकळी झालेली जागा सीटच्या पट्ट्यांच्या आधारासाठी वापरली, आतून जाड प्लेट देऊन.

घाटउतार :

२ आणि १० चा तो भाग मी छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतोय. धन्यवाद.

रंगरेषा :

मी गाड्यांमधली नाही. वडील दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोची दारं रंगवायचे, मीही हाताने अक्षरं काढते. तुमच्या दाराचा फोटो मोठा करून पाहिला.

ती अक्षरं गेलेली नाहीत. पाटीचा तेलरंग बॉडीच्या रंगापेक्षा जाड बसतो. ऊन त्याच्याभोवतीचा रंग खातं, अक्षराखालचा राखाडी मात्र झाकलेला राहतो. अक्षर झडलं तरी त्याची सावली उरते. सकाळी किंवा संध्याकाळी दाराला समांतर तिरका उजेड टाकून फोटो काढा, पहिला शब्दही कदाचित दिसेल. कृपा करून पॉलिश पेपर लावू नका. आणि कोणी "अक्षरं पुन्हा भरून देतो" म्हणाला तर नको सांगा. "मंडळी"तल्या "ळ"ची गाठ बघा, एका दमात कुंचला न उचलता वळवलीय. असा हात परत येणार नाही.

मला विचारायचंय ते हे : कापलेल्या कोपऱ्यांच्या जागी नवा पत्रा येणार. तो कसा दिसणार?

शिवडीबंदर :

ताई, तुमच्या प्रश्नावर मी दोन महिने गप्प होतो, म्हणून आता सविस्तर.

पहिली गोष्ट, इथला गंज. परदेशातल्या वाळवंटातल्या गाड्यांचे फोटो बघून लोक म्हणतात की वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारा, झालं. तिथली हवा कोरडी, लोखंड एका जागी थांबलेलं. मुंबईत समुद्राचं मीठ हवेतच आहे. क्लोराइड गंजाच्या भोकांत बसतं, ओलावा खेचतं आणि वरच्या थराखाली काम चालू ठेवतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा थर फुगतो आणि पापुद्रा सुटतो.

मी अंदाजावर गेलो नाही. दारूखान्याच्या भंगार बाजारातून तशाच गंजलेल्या बॉनेटचा पत्रा आणला, चार तुकडे केले, साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन उन्हात कडक वाळवले आणि जून ते सप्टेंबर गच्चीवर ठेवले. पहिला तसाच. त्याचा रंग जुलैतच भगवा झाला, हात लावला की बोट माखायचं. दुसऱ्याला उकळलेलं अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन. सुरुवातीला इतका सुंदर दिसला की हाच ठरवून टाकला होता, पण पावसात तो नीट वाळलाच नाही, चिकट राहिला आणि ऑगस्टमध्ये काळी बुरशी धरली. तिसऱ्याला मॅट क्लिअर. तो सगळ्यात देखणा. मी मुद्दाम एक ओरखडा काढून ठेवला होता, त्यातून गंजाच्या रेषा थराखाली पसरत गेल्या, आणि आता तो भाग दुरुस्त करायचा तर सगळा थर खरवडायला हवा. चौथ्याला लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचं, मेण. थोडा काळपट झाला, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा लावावं लागलं, पण रंग जागचा हलला नाही. केबिनला मेणच लावतोय. कायमचा इलाज नाही, दर पावसाळ्याआधी आणि मधे एकदा हात फिरवायचा. घरच्या लाकडी दाराला तेल देतोच ना आपण.

अळशीच्या तेलाबद्दल एक इशारा. त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गंज काळा करणारं फॉस्फोरिक ॲसिड बाहेरून कुठेही वापरलेलं नाही, रंगच जातो. आतून, दाराच्या पोकळीत, जिथे दिसत नाही तिथे वापरलं, त्यावर इपॉक्सी.

आता नवा पत्रा. एका रंगाऱ्याने मीठ, व्हिनेगर आणि पेरॉक्साइड शिंपडून एका रात्रीत जुना करून देतो असं सांगितलं. करून दाखवलंही, हुबेहूब. मी नको म्हटलं. एक कारण व्यवहाराचं : चांगल्या पत्र्यात आपण मीठ पेरतोय. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. दारावरची झीज हमालांच्या कोपरांनी झालीय, बॉनेटची उन्हाने. कोपऱ्यावर खोटी झीज काढली तर उद्या बघणाऱ्याचा दारावरही विश्वास बसणार नाही. म्हणून नव्या पत्र्याला साधा मंद राखाडी रंग दिला, आजूबाजूला जुळेल एवढाच. जवळ गेलं की जोड दिसतो. दिसू दे.

मूळरूप :

हे शेवटचं वाचून मी माझा विरोध मागे घेत नाही, पण गाडी बघायला येणार आहे. इंजिनाचे माउंट जुन्या भोकांवरच घ्या, चासीला नवी भोकं नकोत. म्हणजे कधी कोणाला मूळ सहा सिलिंडर परत बसवावंसं वाटलं तर बसवता येईल. माझ्याकडे २१६ घनइंचाच्या, म्हणजे त्या मूळ सहा सिलिंडर इंजिनाचं एक हेड पडून आहे. ते घेऊन जा, राहू दे गाडीबरोबर.

शिवडीबंदर :

काका, येतो. आणि माउंट तसेच करतो. जुन्या भोकांवर बसणारी वेगळी आडवी पट्टी बनवायला टाकली आजच.

पत्राकाम :

जोड दिसू दे म्हणालात ते टिनकामवाल्याला आवडलं. आयुष्यभर आम्ही जोड लपवायचेच पैसे घेतले. वेल्डिंगला यायचं असेल तर रविवारी मोकळा आहे.

शिवडीबंदर :

ताजी खबर. पत्राकामदादा तीन रविवार येऊन गेले, कोपरे आणि पायऱ्या झाल्या. ब्रेकची चाचणी पर्किन्सवरच, ओळखीच्या गोदामाच्या बंद आवारात घेतली. चाळीसवर पेडल दाबलं, गाडी सरळ रेषेत थांबली, स्टेअरिंग हातात हललं नाही. मागची चाकं थोडी आधी धरत होती, मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह दोन आटे फिरवल्यावर बरोबर झालं. इंजिनाच्या अर्जावर तपासणीची तारीख मिळालीय. ती झाली की पुढचं लिहीन.

रंगरेषाताई काल सहाच्या सुमारास टॉर्च घेऊन आल्या. दाराला गाल टेकवून पाऊण तास बघत होत्या. पहिला शब्द अजून लागला नाही, पण "भायखळा"च्या खाली एक ओळ निघाली जी मला दोन वर्षांत दिसली नव्हती : "मुंबई २७". १९७२ मध्ये सहा आकडी पिन कोड आले, तोवर पत्ता असाच लिहायचे, आणि सवयीने नंतरही काही जण लिहीत राहिले. ताईंच्या मते अक्षरांची ठेवण त्याआधीची आहे. आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, आजोबांच्या पत्रांवरही शेवटी नुसता आकडाच असायचा.

ताई पुढच्या शनिवारी परत येणार आहेत, पहिल्या शब्दासाठी. तोपर्यंत त्या दाराला मेणसुद्धा लावत नाही.